पैसे किती मिळाले म्हणे?

"बाई, गान्याचा माईक साडेतीन हजाराला येतो का वो?"

भिंतीपलीकडून हा प्रश्न आला तेव्हा मी कढीपत्ता तोडत होते. झाड त्यांचं, फांद्या आमच्याकडं, त्यामुळं दोन्ही घरची फोडणी एकाच झाडावर चालते. तरोड्यातल्या आमच्या गल्लीत दोन घरांमधल्या भिंती छातीइतक्याच उंच ठेवल्यात, आणि त्याचं कारण विटांचा भाव नव्हे.

शेजारच्या वहिनींचं माहेर लातूर. लग्न होऊन नांदेडला आल्या त्याला किती वर्षं झाली, पण बोलणं काही गोदावरीला मिळालं नाही. आपण 'काय करायलाव' म्हणायचं, त्या 'काय करलालाव' म्हणणार. पोरगं अकरावीपासून लातुरात, आजीजवळ ठेवलंय, नीटच्या तयारीला. आता नांदेडात काय क्लास कमी आहेत? चार पावलं चाललं की एक अ‍ॅकॅडमी. पण लातूरकरणीला लातूर पॅटर्नशिवाय पोरगं डॉक्टर होतं हे पटत नाही.

"कसला माईक?" मी विचारलं.

"रॅपचा. रातच्याला फोन आला, म्हनलालंय, आई, माईक घिऊन दे, अल्बम काढायचाय. मी म्हनलं, बाळा, तुझ्या बापाच्या लग्नाचा अल्बम अजून काढायचा राहिलाय, फोटोग्राफरचे पैसे न्हाई दिले म्हनून. तू कसला काढलालास?"

"मग काय म्हणाला?"

"हसलं आनि फोन ठिवलं. बाई, रॅप म्हंजे त्या बिग बॉसवाल्याचंच ना? ज्यानं आपल्या शिवला हरिवलं?"

हा राग जुना आहे. १२ फेब्रुवारी २०२३ची ती रात्र आमच्या गल्लीतल्या बायका अजून विसरल्या नाहीत. अमरावतीचा शिव ठाकरे, मराठी बिग बॉस आधीच जिंकलेला, हिंदीत शेवटच्या दोघांत पोचला. इकडं सगळे धरून चालले की ट्रॉफी आता विदर्भात. आणि जिंकला कोण, तर गळ्यात दोरखंडासारख्या साखळ्या घालून खाटेवर पडून राहणारा एमसी स्टॅन. एकतीस लाख ऐंशी हजार रुपये आणि वर गाडी. रक्कम वहिनींना पैशासकट पाठ आहे.

"अहो पण तोही आपल्याच राज्यातला की. पुण्याच्या ताडीवाला रोडचा. स्टेशनमागची वस्ती. अल्ताफ नाव त्याचं. लहानपणी कव्वाली गायचा म्हणे."

"कव्वाली? त्यानं?"

"त्यानं. २०२०मध्ये 'तडीपार' नावाचा पहिला अल्बम काढला, आणि बिग बॉसच्या घरात गेला तेव्हा बाहेर त्याच्या नावानं जीव टाकणारी पोरं आधीच तयार होती. मतं तिथून पडली. शिवनं चार-साडेचार महिन्यांत जमवलं, यानं आधीच्या तीन-चार वर्षांत."

वहिनींनी हे मनावर घेतलं नाही. काही पराभवांचं कारण कळून उपयोग नसतो. मला स्वतःला त्या पोराच्या शिव्या झेपत नाहीत, बत्तीस वर्षं वर्गात 'तोंड सांभाळून बोला' म्हणण्यात गेली. पण वस्तीचं नाव लपवायचं सोडून तेच मिरवायचं, ही गोष्ट मला त्याची आवडली होती. मात्र तो पडला एकटा. अल्बम म्हटलं की मला आठवते ती एक टोळी.

"टोळी?" वहिनी भिंतीला टेकल्या. टोळी म्हटल्यावर कामं आपोआप मागं पडतात.

माझा एक भाचा मुंबईत रेकॉर्डिंगचं काम करतो. दिवाळीला आला की त्याच्याकडून मला या जगाच्या बातम्या मिळतात. आमच्या ह्यांना वाटतं मी त्याच्या लग्नाचं विचारत असते. त्यानंच मला कानात बोंडं घालून 'स्वदेशी' ऐकवलं होतं.

"स्वदेशी म्हंजे ते रामदेवबाबाचं?"

"नाही हो. पोरांच्या टोळीचं नाव. मुंबईची पोरं, २०१३च्या सुमाराला एकत्र आली. एक मवाली, एक महार्य, एक बॅमबॉय, एक तोडफोड…"

"ही नावं आईबापानं ठिवली?"

"आईबापानं धर्मेश ठेवलं होतं. धर्मेश परमार. गुजराती घरातला. त्यानं स्वतः एमसी तोडफोड करून घेतलं."

"गुजराती आनि तोडफोड! जोडजाड म्हनला असता तर पटलं असतं."

"आणि अजून एक. त्याचं नाव लिहितात इंग्रजी आकड्यात शंभर आणि पुढं आर, बी, एच. वाचा बघू."

वहिनींनी कपाळाला आठ्या घातल्या. "शंभर आर बी एच. गाडीचा नंबर हाय का?"

"शंभराला हिंदीत काय म्हणतात?"

"सौ."

"मग सौ आणि र, भ."

"सौ… रभ. सौरभ! आगं माय!" वहिनी खूश झाल्या. "हे बेस केलंय पोरानं. कुठलाय हा?"

"अमरावतीचा."

बस्स. अमरावती म्हटल्याबरोबर त्यांनी भिंतीवर वाळत घातलेली सतरंजी बाजूला सारली आणि कोपर नीट टेकवलं. शिवच्या गावचा म्हणजे पोरगा चांगल्या घरचा असणार, हे ठरून गेलं. मी सांगितलं की हा मूळचा कविता लिहिणारा, शेतकऱ्यावर लिहितो, जातीवर लिहितो, समोरच्याला उगं बसवत नाही, आणि २०२३मध्ये टीव्हीवरच्या 'हसल' नावाच्या रॅपच्या स्पर्धेतही दिसला होता. त्यांनी मान हलवली, पण डोळ्यांत एकच प्रश्न होता, आणि तो आलाच.

"मग? अल्बम काडला की न्हाई त्येंनी? पैसे किती मिळाले म्हने?"

पैशाचं मी मुद्दाम मागं ठेवलं. आधी काय केलं ते तर ऐका, म्हटलं.

२०१९च्या फेब्रुवारीत 'गली बॉय' लागला. तो वहिनींनी पाहिला होता, रणवीर सिंगसाठी. त्यातच 'इंडिया ९१' नावाचं एक गाणं आहे, ते मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यात या स्वदेशीवाल्या पोरांचे आवाज आहेत, मराठीसुद्धा आहे. आणि त्याची चाल बांधणारा माणूस कोण, तर विवेक राजगोपालन, मृदंगम वाजवणारा. दक्षिणेत तालाचे बोल तोंडानं म्हणतात ना, त-क-धि-मि करून, त्याला कोनक्कोल म्हणतात. या माणसानं वस्तीतल्या रॅप करणाऱ्या पोरांना बसवून ते शिकवलं. तोडफोड त्यातला पक्का शिष्य. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण आमचे वडील पखवाज वाजवायचे आणि सप्ताहात माझ्या पाठीवर बोटांनी धुमकिट शिकवायचे. रॅप म्हणजे अमेरिकेची नक्कल, असं जे आमचे हे पेपर वाचता वाचता म्हणतात, त्यांना मी हेच सांगते: बोल आधी तोंडातच असतात, चामड्यावर नंतर जातात.

"अमेरिकेचं हाय का हे मुळात?"

"मुळात हो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं. ऑगस्ट १९७३मध्ये एका पोरानं बहिणीच्या पार्टीत दोन रेकॉर्डप्लेअर लावले, तिथून धरतात. शाळा उघडायच्या आधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे पाहिजे होते, म्हणून तिकीट लावून पार्टी."

"बहिनीच्या कपड्यासाटी?" हे मात्र त्यांना मनापासून पटलं. "आपल्याकडं भाऊ माईकसाटी बहिनीची शिलाई मशीन इकंल."

"आणि तिथली खरी भानगड ऐका. पहिलं गाजलेलं रॅपचं गाणं १९७९चं. शुगरहिल गँग."

"पुन्ना टोळीच."

"टोळीच, पण खरी टोळी नव्हे, जमवलेली. सिल्व्हिया रॉबिन्सन नावाची बाई, स्वतः गाणारी, कंपनीची मालकीण. तिला वाटलं, पोरं हे जे रस्त्यावर बडबडतात त्याची तबकडी काढली तर खपंल. शोधायला गेल्यावर पिझ्झाच्या दुकानात एक धिप्पाड पोरगा काम करता करता टेप लावून त्याबरोबर म्हणताना सापडला. त्याला उचललं. पण ती टेप होती दुसऱ्याची. आता गाणं म्हणायचं तर शब्द कुठून आणायचे? तो गेला त्या दुसऱ्याकडं, कवीकडं, म्हणाला दे तुझी वही. त्यानं दिली."

"दिली? फुकट?"

"फुकट. त्याला वाटलं, आपला दोस्त मोठा झाला तर आपल्यालाही ओढंल. आणि याचा वेंधळेपणा असा की वहीत त्या कवीनं स्वतःचं नाव एकेका अक्षरानं फोडून सांगितलेली ओळ होती, ती यानं तशीच्या तशी म्हटली. म्हणजे चोरीच्या मालावर मालकाच्या नावाचं लेबल."

वहिनी इतक्या हसल्या की त्यांच्या सासूबाईंनी आतून विचारलं काय झालं म्हणून.

"गाणं साडेचौदा मिनिटांचं. जगभर वाजलं. खालचं संगीतही दुसऱ्याच एका गाण्यावरून उचललेलं, त्या लोकांनी भांडून आपलं नाव त्यावर लावून घेतलं. वहीवाल्याला मात्र तेव्हा काहीच नाही."

"तरी मी म्हनले पैशाचं इचारा म्हनून."

वहिनींचा मुद्दा बिनतोड. पण त्याच धंद्यात पुढं पैसेही झाले. १९८४ला रन-डीएमसी नावाच्या तिघांचा पहिला अल्बम आला, आणि रॅपमध्ये गोल्ड म्हणजे पाच लाख प्रतींचा शिक्का मिळालेला तो पहिला. पुढं या तिघांनी आपल्या पायातल्या आदिदासच्या बुटांवर गाणं केलं. मैफलीत हजारो लोकांनी आपापले बूट डोक्यावर उचलून धरले, ते कंपनीच्या माणसानं पाहिलं, आणि थेट करारच.

"चपलावर गानं करून पैसे?" वहिनींनी पायातल्या स्लिपरकडं पाहिलं. "आनि इकडं आमच्या ह्येंला बारा वर्सं नोकरी करून…" ते वाक्य तिथंच राहिलं, कारण भाऊजींची स्कूटर वळणावर वाजली. ती पुढं निघून गेल्यावर पुन्हा, "हं, मग ते आपलं स्वदेशी?"

२०१९मध्येच त्यांचं 'वारली रिव्होल्ट' आलं. मुंबईत आरेचं जंगल आहे ना, मेट्रोच्या गाड्या ठेवायला तिथली झाडं तोडायची होती.

"आरे म्हंजे दुदाचं?"

"तेच. दूध वसाहत, पण आत आदिवासी पाडे आहेत, वारली लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. तिथल्या केलटीपाड्यावरचे प्रकाश भोईर, आंदोलनातले, त्यांना या पोरांनी गाण्यात घेतलं. घेतलं म्हणजे मागं नाचवलं नाही हं. ते स्वतः गातात, त्यांच्या बोलीत, आणि त्याला धरून पोरांचं मराठी-हिंदी येतं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला हायकोर्टानं याचिका फेटाळल्या, त्या रात्रीच करवती चालू झाल्या. सोमवारी सुप्रीम कोर्टानं थांबवलं, तोवर दोन हजारांवर झाडं गेली."

"टीव्हीवर दावलं होतं. पोलीस पोरींला वडत नेत होते."

"तेच. आणि मग २०२०ला त्यांचा पहिला अल्बम, 'चेतावनी'. नावातच सगळं. टोळी होऊन सात-एक वर्षं झाली होती. आधी सुटी सुटी गाणी, रस्त्यावरचे कार्यक्रम, मोर्चे, कॉलेजं. घाई केली नाही. आणि काढला तो नेमका लॉकडाऊनच्या वर्षात."

"आरारा. मग पडला असंल."

"कार्यक्रम पडले. अल्बम नाही पडला. ज्यांना या गाण्यातलं कळतं त्यांनी नावाजला. माझ्या भाच्यासारखी पोरं अजून धरून बसलीत. एकाच अल्बममध्ये एवढ्या वेगवेगळ्या तोंडांची पोरं, आणि कुणी कुणासारखं बोलायला जात नाही, हेच त्याचं यश म्हणायचं."

वहिनींनी कढीपत्त्याची एक काडी मोडून दातात धरली. आता सुटका नव्हती.

"पैसे."

बरं, पैसे. पूर्वी कॅसेट होती. आनंद शिंदेंची पोपटवाली कॅसेट आठवते? प्रत्येक रिक्षात, प्रत्येक मांडवात. माणूस खिशातून पंचवीस-तीस रुपये काढायचा, दुकानदार त्यातले ठेवायचा, कंपनी त्यातले, उरलं तर गाणाऱ्याला. आता कॅसेट नाही, सीडी नाही. 'गली बॉय' लागला त्याच फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आलं. ते आणि यूट्यूब मिळून गाणं वाजवतात, आपण ऐकतो फुकट, मधे जाहिराती सहन करतो, आणि एकदा ऐकलं की गाणाऱ्याच्या वाट्याला पैशांत पडतं. रुपयात नाही वहिनी, पैशांत. लाख लोकांनी ऐकलं तरी हातात येतं ते मोजून घ्या. मग त्यात माईकवाला, मिक्सिंगवाला, व्हिडिओवाला. आणि टोळी असेल तर भागिले पाच, भागिले सहा. खरा पैसा कार्यक्रमाला. स्टेजवर उभं राहावं लागतं, आणि 'चेतावनी'च्या वर्षी स्टेजच बंद.

"म्हंजे गाजलं बी आनि मिळालं बी न्हाई?"

"तसंच."

"मग त्येला हिट कसं म्हनायचं?"

या प्रश्नावर मी जरा गप्प झाले. वहिनींचं गणित सरळ आहे, आणि ते चूक आहे असं मला म्हणवत नाही. पोटाला लागतंच. पण वामनदादा कर्डकांचं घ्या. सिन्नर तालुक्यातला माणूस, एसटीनं, पायी, गावोगाव हिंडला. आमच्या मराठवाड्यात चौदा एप्रिलला असं गाव नसेल जिथं त्यांचं गाणं वाजत नाही. त्यांना किती मिळाले म्हणे? मी शाळेत होते तेव्हा आमच्या गावात कव्वालीचा सामना व्हायचा. दोन पार्ट्या, मधे गॅसबत्ती. ही पार्टी सवाल टाकणार, ती पार्टी पेटी ओढता ओढता जागेवर ओळी जुळवून जबाब देणार. पहाट होईपर्यंत कुणी हलत नसे. त्याआधीच्या काळात शाहिरांची कलगी-तुऱ्याची भांडणं, तीही तशीच, रात्र रात्र. रॅपमध्ये ही पोरं 'बॅटल' म्हणून जे करतात, ते लोह्याच्या माळेगावच्या जत्रेत उभं राहिलेल्या माणसाला नवं नाही. तिथं खंडोबापुढं घोड्याचा बाजार भरतो, गाढवांचाही भरतो आणि लावणीचा फडही उभा राहतो, आणि सवालाला जबाब न देणारी पार्टी पुढच्या वर्षी कोण बोलावतो?

"माळेगावला आमचे सासरे दर वर्साला जायचे," वहिनी हळूच म्हणाल्या. "घोडा बगायला."

"घोडा घेतला का कधी?"

"कदीच न्हाई."

आम्ही दोघी यावर काही बोललो नाही, पण फार आनंद झाला.

आमचे हे याच वेळी बाहेर आले, कढीपत्ता अजून का नाही विचारायला, आणि भिंतीशी काय चाललंय ऐकून त्यांनी आपला शेरा मारला: "पोराला सांगा, गाणं कर पण राजकारणावर नको. तो संभाजीनगरचा पोरगा, पन्नास खोक्यांवर रॅप केला तर थेट अंबरनाथला गुन्हा दाखल झाला." हे खरं आहे, एप्रिल २०२३मधलं. वहिनी घाबरल्या. लातूरला पोरगं, गुन्हा अंबरनाथला, वकील कुठून आणायचा, अशी त्यांची गाडी सुटली. मी ह्यांना कढीपत्ता देऊन आत पाठवलं. काही माणसांची माहिती बरोबर असते आणि वेळ चूक.

"पन तुमी म्हनलालाव ते तोडफोडचं पोरगं, त्याचं काय झालं फुडं?"

हे मी सांगणार नव्हते. मार्च २०२२ला गेला तो. चोवीस वर्षांचा. त्याचा स्वतःचा एकट्याचा अल्बम, 'ट्रूथ अँड बास', नुकताच आला होता.

"चोवीस," वहिनी म्हणाल्या, आणि काही वेळ कढीपत्त्याच्या काडीचं एकेक पान काढत राहिल्या. "आई हाय का त्याची?"

मी मान हलवली. अशा वेळी आमच्याकडं जे करतात तेच त्यांनी केलं. पदरानं डोळ्याचा कोपरा टिपला आणि विषय जोरात बदलला.

"बाई, तुमाला एक दावायचं होतं. आदी म्हनलं लव्ह लेटर असंल." ब्लाउजमधून घडी केलेला कागद निघाला. बायोलॉजीच्या वहीचं मागचं पान, एका बाजूला नेफ्रॉनची आकृती. "परवा लातूरला गेल्ते, उशीखाली घावलं. माझा चष्मा न्हाई, तुमी वाचा. पोरीचं नाव असंल तर हळू वाचा."

मी वाचलं. पोरीचं नाव नव्हतं. असं होतं:

मिरजेहून रेल्वे आली, टाकीत पानी आलं,
आजीचं आख्खं उनाळं घागरीमागं गेलं.
चौकाचौकात बॅनर, टॉपर हसलालेत,
आमच्यासारके पाचशे अभ्यासिकेत बसलालेत.
आजीचं वरन पातळ, पुस्तक लई जाड,
आई म्हनती फोनवर, 'पैल्यांदा रँक काड.'

मी दुसऱ्यांदा वाचलं, या वेळी मोठ्यानं, बोटानं भिंतीवर ठेका धरून. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की हे माझ्या तोंडात बसत नाही, 'हसलालेत-बसलालेत' म्हणायला लातूरची जीभ पाहिजे. वहिनींना म्हटलं, तुम्ही म्हणा. त्यांनी लाजत म्हटलं, आणि ते असं काही बसलं की पलीकडच्या घरातली नळावर भांडी घासणारी मुलगी थांबून बघायला लागली.

२०१६च्या एप्रिलमध्ये ती पाण्याची रेल्वे आली तेव्हा हे लेकरू सात-आठ वर्षांचं होतं. सुट्टीत आजीकडंच. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभरच्या चॅनेलवाल्यांनी दाखवली. त्यावर लेख आले, भाषणं आली, मी स्वतः दहावीच्या पोरांना निबंध घातला होता. पण आजीचा उन्हाळा घागरीमागं गेला, हे वाक्य त्या एकाही निबंधात नव्हतं. नसणारच. निबंध सगळे पुण्याच्या मराठीत लिहिलेले, मीच तसे लिहायला लावलेले. 'बसले आहेत' म्हटलं की पोरं बाकावर बसतात. 'बसलालेत' म्हटलं की त्यांचं बसणं संपतच नाही. तोडफोडला गुजराती, भोईरांना त्यांची बोली, कुणाला मुंबईचं मराठी. मग लातूरच्या तोंडाला कुणाची परवानगी पाहिजे? नांदेडात सचखंडनं उतरणाऱ्या पाहुण्यांमुळं आमच्या रिक्षांत पंजाबी गाणी चोवीस तास वाजतात, इथली पोरं पंजाबीत रॅप म्हणून दाखवतात, उच्चारासकट. आणि स्वतःच्या भाषेत म्हण म्हटलं की लाजतात. पुण्याला कॉलेजला गेलं की पहिल्या महिन्यात 'करायलो' टाकून देतात, दिवाळीला 'करतोय' घेऊन परत येतात.

हे सगळं मी वहिनींना सांगत होते, जरा आवेशातच. मास्तरकीची सवय. पण त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. त्या कागदाकडं बघत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता.

"बाई, ती पाचवी वळ पुन्ना वाचा."

"आजीचं वरन पातळ, पुस्तक लई जाड."

"पातळ?"

"अहो, यमकासाठी असतं. जाड-काड, म्हणून आधी पातळ."

"माज्या आईचं वरन पातळ?" फोन निघाला. आता मध्ये पडण्यात अर्थ नव्हता. लातूरला तिसऱ्या रिंगला उचलला, स्पीकर चालू होताच, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना सगळं ऐकू येत होतं. पोराचा आवाज फुटलेला, झोपेतून उठल्यासारखा.

"आई, टेस्ट हाय उद्या."

"टेस्ट राहू दी. तुजं गानं वाचलं."

पलीकडं एकदम शांतता. मग, "कुणी?"

"बाईनी वाचलं. भिंतीवर ठेका धरून वाचलं. बेस हाय म्हनल्या." वहिनींनी माझ्याकडं न बघताच हे ठोकून दिलं, मी अजून तसं तोंडानं म्हटलेलं नव्हतं. "कितीची बॅच भरलीय तुजी गान्याची?"

"तिघं हाव आई. एक अहमदपूरचा हाय, एक उदगीरचा. उदगीरचा हलगी वाजिवतो. अल्बमचं नाव बी ठरलंय."

"काय?"

"'बसलालाव'."

मला इतकं हसू आलं की कढीपत्ता हातातून पडला. वहिनी मात्र हसल्या नाहीत, त्या सौद्याला बसल्या होत्या. तिघांत माईक एक की तीन? एकच. मग साडेतीन हजार भागिले तीन. कंपनीला वही द्यायची नाही, कुणी दोस्त म्हणून मागितली तरी द्यायची नाही, अमेरिकेत एकानं दिली तर बघ काय झालं, बाईंना विचार. खोक्याबिक्यावर काही लिहायचं नाही, पप्पाची बदली जवळ आलीय. शिव्या नाहीत. सहाशेच्या वर मार्क पडले तर माईक, पाचशे नव्वदला नाही. पोरगं प्रत्येक अटीला हूं हूं करत होतं, आणि त्या हूंकारातही ठेका होता की मला तसा भास झाला, सांगता येत नाही.

"आनि आई, पैसे मिळाले तर तुला…"

"पैसे बिसे काई मिळत न्हाईत त्यात, मला समदं म्हाईत हाय," वहिनी म्हणाल्या, जणू हा धंदा त्यांनी वीस वर्षं केला होता. मग आत घराकडं एकदा वळून बघितलं, फोन तोंडाजवळ घेतला, आणि आवाज एकदम खाली आणला. "आनि हे बग. त्या वळीतलं माज्या आईचं वरन काड. आजीच ठिव, यमक मोडू नको, पन फुडं कुनाची ती लिव. नांदेडची घाल."